पाच शाह्या, विजयनगर आणि भुतंखेतं : दख्खनवर बेतलेली फँटसी आरपीजी आखतोय, मदत हवीये

दख्खनी_डीएम

नमस्कार मंडळी. दसऱ्यानंतर आरपीजीचं (रोल-प्लेइंग गेमचं) नवीन कॅम्पेन, म्हणजे बरीच सेशन चालणारी एक सलग गोष्ट, सुरू करायचंय. टेबलाभोवती बसून खेळायचं, कागद-पेन्सिल-फासेवालं, व्हिडिओ गेम नाही. आत्तापर्यंत आमच्या ग्रुपने डंजन्स अँड ड्रॅगन्सच खेळलंय आणि खूप खेळलंय, पण आता मला बर्फ, टॅव्हर्न, एल्फ, ड्वार्फ यातून बाहेर पडायचंय. काळी माती, बाभळी, उन्हाळ्यात आटलेली नदी आणि लांबून दिसणारा बुरूज असं काहीतरी हवंय.

तर विचार असा आहे की बहमनी राज्य फुटल्यानंतरचं दख्खन घ्यायचं. नगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि कृष्णेच्या खाली विजयनगर. सहा सत्ता, प्रत्येकाचं प्रत्येकाशी वाकडं, आणि आज जो मित्र तो पुढच्या मोहिमेत समोर उभा. काळ साधारण १५६० ते १५६५, म्हणजे तालिकोटच्या लढाईच्या आधीची वर्षं. विजयनगरचा कारभार हातात असलेल्या रामरायाने आधी नगरला साथ देऊन विजापूरला दाबलं, मग विजापूरला साथ देऊन नगरला दाबलं, आणि शेवटी ज्यांना आळीपाळीने दाबलं तेच एकत्र आले. हा प्लॉट मला लिहावाच लागत नाहीये, तयार आहे.

अडलंय कुठे ते सांगतो. खरी नावं ठेवू की बदलू? जादू किती आणि कसली? डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, वापरायचा की आपलं काही? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, एवढ्या मोठ्या लढाया चालल्यात तर पाच खेळाडूंनी त्यात करायचं काय? सुलतान ठरवणार, वजीर ठरवणार, आणि आमची पोरं तंबूबाहेर पहारा देत उभी, असं नकोय मला. आधीच्या कॅम्पेनमध्ये खेळाडू राजाच्या पत्रांचे पोस्टमन झाले होते आणि चौथ्या सेशनला सगळे मोबाईल बघत होते.

बोरीकाठ

मस्त विषय! मी सोलापूरचा, त्यामुळे पहिलं मत सोलापूरच्या बाजूने. तुमच्या नकाशाचं मधलं टोक सोलापूरच ठेवा. १५२४ च्या सुमारास विजापूरची राजकन्या नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, हुंड्यात सोलापूर द्यायचं ठरलं आणि दिलंच नाही, त्यावरून पुढे कित्येक वर्षं मोहिमा झाल्या. मग तालिकोटच्या आधी चांदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा हेच सोलापूर पुन्हा हुंड्यात, यावेळी नगरकडून विजापूरला. एकच किल्ला, दोन लग्नं, दोन पिढ्यांचं वैर. आता विचार करा तुमच्या पार्टीतला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीतला, एक जण त्या किल्ल्यावरच्या नाईकवाड्याचा मुलगा आहे, आजोबा नगरचं मीठ खायचे, बाप विजापूरचं, आणि आता याला विचारतायत तू कुणाचा. याला बॅकस्टोरी लिहायला दहा मिनिटं पुरतात.

सांगायचं काय तर राज्यं "वाईट" आणि "चांगली" अशी आखू नका. प्रत्येकाला एक ठराविक गोष्ट हवीये आणि ती दुसऱ्याकडे आहे असं आखा. विजापूरला रायचूर दुआब हवा, कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधला, तिथे १५२० मध्ये कृष्णदेवरायाने इस्माईल आदिलशहाला हरवलं होतं ते कुणी विसरलेलं नाही. नगरला सोलापूर आणि कल्याणी हवंय. सगळ्यांनाच अरबी घोडे हवेत आणि ते गोव्याच्या बंदरातून येतात, तिथे १५१० पासून पोर्तुगीज बसलेत, ते ज्याला घोडे देतील त्याचं पारडं जड. एवढं लिहिलं की राज्यं आपोआप हलायला लागतात.

आणि डंजन म्हणून नळदुर्ग घ्याच घ्या. बोरी नदी किल्ल्याच्या आत वळवलीये, आडवा बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन सांडवे धो धो वाहतात आणि आत खिडकीत उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोरून खाली जातो, कानात दुसरा आवाज येत नाही, भिंतीला हात लावला की थरथर लागते हाताला. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. एक अख्खं सेशन फक्त खुणांनी खेळवता येईल तिथे, बोलायचंच नाही कुणी. तो महाल १६१३ चा आहे, तुमच्या काळानंतरचा, पण फँटसी आहे ना, आणा ओढून.

मृण्मयी_वाचते

धागा आवडला. मला नावांबद्दल बोलायचंय, कारण सगळी गंमत किंवा सगळा राडा तिथेच होणार आहे.

खरी नावं ठेवलीत तर दुसऱ्या सेशनला टेबलावर इतिहासाचा वाद सुरू होणार, "असं झालंच नव्हतं" वगैरे, आणि तिसऱ्या सेशनला धर्माचा. आणि तो दुसरा वाद तर या काळाला लागूच पडत नाही. बघा ना, गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा राजपुत्र असताना जीव वाचवून विजयनगरला आला आणि कित्येक वर्षं रामरायाच्या आश्रयाला राहिला, पुढे त्याने तेलुगू कवींना पदरी ठेवलं. अली आदिलशहा रामरायाचा मुलगा वारला तेव्हा स्वतः विजयनगरला भेटायला गेला आणि रामरायाच्या बायकोने त्याला मुलगा मानलं असं त्या काळचा इतिहासकार फरिश्ता लिहितो. हेच दोघे तालिकोटला रामरायाच्या विरुद्ध उभे होते. विजयनगरच्या फौजेत मुसलमान सरदार, विजापूर-नगरच्या फौजेत मराठे सरदार, विजापूरचे हिशेब पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळेपासून फारसी सोडून देशी भाषेत, लिहिणारे ब्राह्मण कारकून. जिथे खरं भांडण होतं ते दरबारात, दख्खनी विरुद्ध आफाकी, म्हणजे इथे रुजलेले विरुद्ध इराण-तुराणातून नवे आलेले. हबशी बहुतेक वेळा दख्खनींच्या बाजूला. महमूद गावान, एवढा मोठा वजीर, १४८१ मध्ये याच भांडणात खोट्या पत्रावरून मारला गेला, आणि तिथून बहमनी राज्य सुटत सुटत गेलं.

तर हे गुंतलेपण ठेवा, नावं बदला. माझं ऐकाल तर राज्यांना नद्यांची नावं द्या. नगर सीनेवर, बिदर मांजरेच्या बाजूला, गोवळकोंडा मुसीवर, वऱ्हाड पूर्णेवर, विजापूरजवळ डोण. सीनेवाले, डोणवाले, मांजरावाले, मुसीवाले, पूर्णावाले आणि तुंगेपल्याडचे. माणसं बोलताना असंच बोलतील आणि खेळाडूंना नकाशा पाठ करावा लागणार नाही. सुलतान, राया, वजीर सगळे काल्पनिक ठेवा. मग तुम्हाला कुणीही कुणालाही मुलगा मानलेलं दाखवता येईल.

दख्खनी_डीएम

नद्यांची नावं! हे घेतलं. आजच नकाशावर लिहितो. @बोरीकाठ नळदुर्ग पण घेतला, न बोलता खेळायची आयडिया भारी आहे.

पासे_कवड्या

डी-ट्वेंटीबद्दल. वाईट नाहीये तो, पण त्याचा स्वभाव असा की १ पडायला जेवढी शक्यता तेवढीच २० पडायला, प्रत्येक आकड्याला ५ टक्के. म्हणजे कसलेला तलवारबाज पण वीस वेळात एकदा तोंडावर पडणारच. मला ते कधी पटलं नाही.

कवड्या वापरा. नियम एका ओळीत मावतो: ज्या कामात तुमचं जेवढं कसब तेवढ्या कवड्या हातात घ्या, फेका, उताण्या पडलेल्या मोजा, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सांगितलेला आकडा गाठला की काम झालं. कवडी निम्म्या वेळा उताणी पडते असं धरलं तर सहा कवड्यांत तीन किंवा जास्त उताण्या यायची शक्यता ६६ टक्के, चार किंवा जास्त ३४ टक्के, पाच किंवा जास्त जेमतेम ११. आठ कवड्या असतील तर चार गाठायची शक्यता ३४ वरून ६४ वर जाते. म्हणजे कसब वाढलं की फरक खरंच जाणवतो, आणि मधले आकडे जास्त येतात, टोकाचे कमी. सहाच्या सहा उताण्या पडल्या तर, ६४ मध्ये एकदा, मग देव पावला समजा आणि खेळाडूला मनातलं सांगू द्या. सगळ्या पालथ्या पडल्या तर काम झालं किंवा न झालं ते बाजूला, पण काहीतरी जागं झालं.

शिवाय आवाज. ओंजळीत कवड्या खुळखुळवून सतरंजीवर टाकायच्या, सगळे वाकून बघतात. प्लास्टिकच्या फाशाला ते नाही.

आकडेमोड_नको

कवडी निम्म्या वेळा उताणी पडत नाही हो. पाठ फुगीर असते, आणि प्रत्येक कवडीचं वेगळं.

पासे_कवड्या

बरोबर, म्हणून दोन उपाय. एक तर पाठ घासून सपाट करायची, जुन्या सारीपाटाच्या कवड्या बघा, बऱ्याच घासलेल्या असतात. नाहीतर सरळ चिंचोके फोडायचे. अर्धा चिंचोका एका बाजूने पांढरा, एका बाजूने काळा, दगडावर जरा घासला की छान पडतो, आणि फुकट. गावाकडे पटाचे खेळ अजून याच्यावरच खेळतात. कॅम्पेन सुरू करायच्या आधी एक संध्याकाळ बसून शंभरदा फेका आणि मोजा, कळेल तुमचा सेट कुठे झुकतोय.

रानवाट

मी मालवणकडची, जादूबद्दल लिहिते. थोडं लांबेल.

कृपा करून आगीचे गोळे फेकणारे जादूगार आणू नका. आपल्याकडे अद्भुत गोष्टी माणसाच्या हातात नसतात, जागेच्या हातात असतात. प्रत्येक जागेला मालक आहे. गावाच्या वेशीला राखणदार, पाण्याला साती आसरा, पिंपळाला मुंजा, रानात चकवा. चकव्याचंच बघा, तो मारत नाही, ओरबाडत नाही, फक्त तुम्ही रात्रभर चालता आणि पहाटे त्याच आंब्याखाली असता. खेळात हे किती भयंकर आहे! शत्रूची फौज मागे आहे, उजाडायच्या आत घाट उतरायचाय, आणि डीएम शांतपणे सांगतो, समोर एक आंबा दिसतोय, बुंध्याला तुमच्यापैकी कुणीतरी मगाशी मारलेला कोयत्याचा घाव आहे.

म्हणून जादूचा नियम माझ्या मते असा असावा: ज्याची जागा त्याला विचारायचं, त्याचा मान द्यायचा, मग वाट मिळते. विचारायचं कसं तर कौल. आमच्याकडे देवळात देवाला पाकळ्या किंवा तांदूळ लावतात, प्रश्न विचारतात, आणि उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही आणि सगळं गाव उभं राहतं वाट बघत. हे टेबलावर तसंच आणा. मोठा प्रश्न असेल तर सेशनमध्ये एकदाच कौल लावता येतो, उत्तर हो किंवा नाही, आणि कौल मिळाला की तो पाळावाच लागतो. मोडला तर त्या जागेची वाट कायमची बंद. बघा मग खेळाडू किती विचार करून प्रश्न विचारतात ते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. वेताळाला नुसतं भूत करू नका, कोकणात आणि गोव्यात कितीतरी गावांचा तो ग्रामदेव आहे, त्याची पूजा होते, रात्री तो फेरी मारतो म्हणून त्याला चपला वाहतात. आणि कुठल्याही देवाला हिट पॉइंट, म्हणजे घाव बसला की कमी होणारा जिवाचा आकडा, देऊ नका. देवाशी लढता येत नाही. देव रुसतो, कोप करतो, सोडून जातो, पण तलवारीने त्याचा आकडा कमी होत नाही. खवीस, हडळ, समंध यांच्याशी काय लढायचं ते लढा.

मृण्मयी_वाचते

रानवाट, फार सुंदर लिहिलंयत. आणि यातून लढाया पण वेगळ्या होतील. फौज एखाद्या गावावरून गेली, राखणदाराचा मान मोडला, तर मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्या वाटेवर चकवा. राजा जिंकतो आणि मुलूख हातचा जातो.

तोफखाना

वेढ्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. दख्खनच्या लढाया म्हणजे निम्म्या वेढेच, आणि आरपीजीमध्ये वेढा हा लढाईचा सगळ्यात चांगला प्रकार आहे कारण आत अडकलेली माणसं बोलतात.

मी चार आकडे ठेवतो किल्ल्याला: पाणी, धान्य, दारू (बंदुकीची) आणि इमान. दर आठवड्याला डीएम एक कमी करतो, कुठला ते खेळाडूंच्या वागण्यावर. पहिले तीन शून्यावर गेले तरी किल्ला टिकू शकतो. इमान शून्यावर गेलं की रात्री कुणीतरी दिंडी दरवाजा उघडतं. इतिहासात कितीतरी किल्ले असेच गेले, तोफेने कमी आणि फितुरीने जास्त.

आणि उलटंही घडतं. १५९५ च्या शेवटी मुघलांनी नगरला वेढा घातला, तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांनी उलटे खणत जाऊन त्यातले काही निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला भलंमोठं भगदाड पडलं. चांदबीबी चिलखत घालून, हातात नंगी तलवार घेऊन स्वतः त्या भगदाडात उभी राहिली, दिवसभर हल्ला थोपवला आणि रातोरात ती भिंत पुन्हा उभी केली. किल्ला तेव्हा पडला नाही, वऱ्हाड देऊन तह झाला. तुमच्या खेळात हा सीन खेळाडूंच्या हातात द्या: जमिनीखाली पलीकडून कुदळीचा आवाज येतोय, परातीत पाणी ठेवून कुठे थरथरतंय ते बघायचं आणि आपण कुठून खणायचं ते ठरवायचं. अंधार, माती, दारूचा वास, आणि कवड्या.

तोफ हवी असेल तर मलिक-ए-मैदान. १५४९ ला नगरला ओतलेली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, वजन ५५ टनांच्या आसपास, तोंडाशी सिंह हत्तीला गिळतोय असं शिल्प. आधी परांड्याला होती, १६३२ ला विजापूरला नेली, आजही तिथेच बुरुजावर आहे. तालिकोटला तोफांत तांब्याची नाणी भरून डागली असं सांगतात. फँटसीत एवढी तोफ नुसती तोफ राहूच शकत नाही, तिला काहीतरी हवं असणार. तिला बैल लागतात, माणसं लागतात, आणि बहुतेक आणखी काहीतरी लागतं.

बोरीकाठ

बिदरचे भुयारी कालवे पण विसरू नका. जमिनीखाली मैलोगणती बोगदा खोदून पाणी आणलंय, वर ठराविक अंतरावर विहिरीसारखे उभे झरोके. वेढ्यात आतल्यांना पाणी त्याच वाटेने, आणि तुमच्या पार्टीला आत शिरायची वाट पण तीच. आसरा तिथे असणारच.

न्यूजर्सीकर

इकडे आम्ही पोरांना घेऊन ऑनलाइन खेळतो, तिघांना मराठी समजतं पण पटकन बोलता येत नाही. एक अनुभव सांगतो, खेळाच्या कॅरेक्टर शीटवर सगळं मराठीतच ठेवा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा असलेला, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा. आमच्या पोरांनी दोन सेशनमध्ये उचललं, कारण बारगीराचा घोडा मेला तर सरकार दुसरा देतं आणि शिलेदाराचा मेला तर तो पायदळात जातो. नियमात अर्थ असला की पोरं शब्द विसरत नाहीत. माझी मुलगी आता आजीला फोनवर विचारते, आपले पणजोबा शिलेदार होते का.

ऑनलाइन कवड्यांसाठी दोन बाजूंचा फासा टाकायची सोय बहुतेक ठिकाणी असते, तेच वापरा.

तांडेवाली

बराच वेळ वाचतेय, आता लिहितेच. दख्खनी_डीएम, तुमचा मोठा प्रश्न तसाच राहिलाय, पाच जणांनी करायचं काय. सगळे राजे, वजीर, तोफा, किल्ले यावर बोलतायत. या सगळ्यांना खायला कोण घालत होतं?

माझी आजी तांड्यावरची, मराठवाड्यातली. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणि मीठ घेऊन सगळीकडे फिरायचे. कोकणातलं मीठ घाटावर, घाटावरचं धान्य छावणीत. बैल वाटेत चरत चरत जातात म्हणून वेगळी वैरण लागत नाही आणि माल स्वस्त पडतो. पुढे मुघलांच्या दख्खनच्या मोहिमा या तांड्यांच्या धान्यावर चालल्या. आणि तांडा दोन्ही बाजूंना विकतो. लढणाऱ्या दोन्ही फौजा तांड्याला हात लावत नाहीत, कारण आज लुटला तर पुढच्या महिन्यात कुणी येणार नाही आणि पन्नास हजार माणूस उपाशी बसेल.

आता सांगा, सहाच्या सहा राज्यांत बिनदिक्कत जाऊ शकणारी, प्रत्येक छावणीत आत शिरणारी, प्रत्येक बाजारातला भाव माहिती असलेली, आणि नुसतं "आम्ही येत नाही" म्हणून लढाई थांबवू शकणारी माणसं दुसरी कोण आहेत? पार्टीला तांड्यात टाका. नायक असतो, त्याचा शब्द चालतो, कारभारी असतो, पंचायत बसते आणि सगळे बोलतात. पळून आलेला बारगीर तांड्यात लपू शकतो, आफाकी हकीम वाटेत सोबतीला असू शकतो, कुलकर्ण्याची शिकलेली विधवा मुलगी हिशेबाला. कुणीही चालतं.

आणि रानवाटच्या जादूला हेच लोक जुळतात. रोज नवीन जागी मुक्काम, रोज नवीन मालकाची परवानगी. माझी आजी कुठेही नव्या जागी चूल मांडली की पहिला घास बाजूला काढायची, कुणासाठी ते विचारलं तर म्हणायची, इथं आधी जे असतील त्यांच्यासाठी.

एक विनंती. ही जिवंत माणसं आहेत, आमची बोली आहे, सण आहेत. तांडा म्हणजे नाचगाणं आणि रंगीत घागरे एवढंच दाखवू नका. होळीची लेंगी आणा, श्रावणातली तीज आणा, टोपलीत गहू पेरून मुली नऊ दिवस पाणी घालतात ती. पण त्याच बायका बैल लादतात, भाव करतात आणि रात्री जागत्या राहतात, हे पण आणा.

तोफखाना

तांडेवाली, उठून उभा राहिलो वाचून. माझ्या चार आकड्यांतलं "धान्य" म्हणजे खेळाडूच झाले की मग. किल्ल्यात धान्य किती पोचलं हे डीएम ठरवत नाही, खेळाडू ठरवतात.

मृण्मयी_वाचते

आणि इथे एक नैतिक पेच आपोआप तयार होतो. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली ती कथा सगळ्यांना माहितीये. तांड्याकडे पाचशे गोणी आहेत, डोणवाल्यांच्या छावणीशी सौदा झालाय, आगाऊ पैसे घेतलेत, आणि वाटेत एक गाव उपाशी आहे. कौल लावणार का? आणि डावी पडली तर?

दख्खनी_डीएम

दोन दिवस ऑफिसमध्ये लक्ष नव्हतं, हाच धागा डोक्यात. तांडेवाली, मनापासून आभार, माझ्या कॅम्पेनला पाठीचा कणा मिळाला. आता असं ठरवलंय.

वर्षाचे दोन भाग. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की मोहिमा सुरू, पाऊस पडेपर्यंत. नद्या भरल्या की फौजा घरी, मग चार महिने तांडा एका जागी, बैल विकत घ्यायचे, लग्नं जुळवायची, तीज, भांडणं मिटवायची, कसब वाढवायचं. म्हणजे खेळाचं कॅलेंडर आपलंच, आणि तालिकोटसारखी लढाई जानेवारीत येते ते बरोबर बसतं.

खेळाडूंच्या हातात एक वही. तीत गोणी, बैल, मीठ, आणि कुठल्या राज्याकडे किती उधारी. प्रत्येक राज्याला एक गोष्ट हवी, बोरीकाठने सांगितलं तसं, आणि ती सरकली की बाजारभाव बदलतो. युती झाल्याची बातमी खेळाडूंना दरबारातून कळणार नाही, ज्वारीचा भाव अचानक का चढला यावरून कळेल.

पहिलं सेशन: तांडा घाट चढून वर आलाय, मीठ भरलेलं. सोलापूरसारख्या एका किल्ल्यापाशी लग्नाची वरात उतरलीये, सीनेवाल्यांची मुलगी डोणवाल्यांकडे चाललीये आणि तिच्याबरोबर किल्ला. किल्लेदाराला किल्ला सोडायचा नाहीये. त्याने तांड्याला सांगितलंय, सगळं मीठ आणि धान्य मला द्या, दुप्पट भाव. वरातीतल्या वजिराने सांगितलंय, त्याला एक दाणा देऊ नका, तिप्पट. आणि ज्या माळावर तांडा उतरलाय त्या माळाचा मालक काय म्हणतो ते अजून कुणी विचारलेलं नाही.

आकडेमोड_नको

सगळं छान, एक शंका. शेवटी तालिकोट होणारच असेल तर खेळाडूंनी काही केलं काय न केलं काय? इतिहास माहिती असलेला एक जण तरी टेबलावर असतोच.

मृण्मयी_वाचते

म्हणून तर नावं बदलली ना. आणि खऱ्या इतिहासात पण वऱ्हाड त्या युतीत आलं नाही. म्हणजे "सगळे एकत्र आले" हे सुद्धा पूर्ण खरं नाही, कुणीतरी बाहेर राहिलंच. तुमच्या खेळात कोण बाहेर राहतो ते उघडं ठेवा.

दख्खनी_डीएम

मी असं करणार: फौजा जमणार हे नक्की. सहा राज्यांना एकमेकांची भीती आहे तोवर ते टळत नाही, आणि ते मी खेळाडूंना पहिल्याच दिवशी सांगणार, लपवणार नाही. पण कृष्णेच्या काठी किती दिवस तळ पडेल, कोण उपाशी लढेल, कोण आधी परत फिरेल, आणि लढाईनंतर जी शहरं लुटली जातात त्यातली माणसं कुणाच्या तांड्यात लपून बाहेर पडतील, ते सगळं त्यांच्या वहीवर. नदीपल्याडच्या राजधानीत पार्टीचं एखादं घर, एखादी मैत्री आधीच्या पावसाळ्यात पेरून ठेवणार आहे. नुसती बातमी म्हणून ते शहर जळू द्यायचं नाहीये मला.

तांडेवाली

हे चांगलंय. एक सांगते, लुटीनंतर तांड्यात माणसं घेतलीत तर गोणी उतरवाव्या लागतील. बैल तेवढेच आहेत. किती गोणी वाटेत टाकायच्या ते खेळाडूंना मोजायला लावा, मोठ्याने.

पासे_कवड्या

एका बैलावर दोन गोणी धरा. गोणी उतरवून एका बैलावर एक म्हातारं माणूस किंवा दोन पोरं. कवड्या टाकायच्या नाहीत यात, नुसतं मोजायचं.

दख्खनी_डीएम

लिहून घेतलं. नकाशा रविवारी इथेच टाकतो. घाटातल्या मुक्कामाच्या जागा आणि त्यांचे मालक यावर रानवाट आणि तांडेवाली दोघींनी एकदा नजर टाका प्लीज. खेळाडूंपैकी कुणी हा धागा वाचत असेल तर पहिलं सेशन झाल्याशिवाय वरचं वाचू नका.

रानवाट

टाका, बघते. घाटमाथ्यावर पाण्याच्या जागा आधी मांडा, मालक कुठे बसलेत ते त्यावरून कळेल.